पंचिंग रूममधलं भजनी मंडळ

पंचिंग मशीनच्या खाली एक डबा असायचा. कार्डांना भोकं पाडली की त्यातून निघालेले बारीक कपटे त्या डब्यात पडायचे. दिवसभर त्याच्याकडे कुणी बघायचं नाही आणि संध्याकाळी बघावं तर डबा गच्च! आमच्या मंडळाचे किस्से असेच साठले. कुणी मुद्दाम जमवले नाहीत, चौघीजणी रोज एका खोलीत कामाला बसलो एवढंच. आता घरी पाहुणे आले की "शालिनी, तो टायचा सांग," "तो भजनाचा सांग" असं सुरू होतं. सगळे हसतात. मीही रंगवून सांगते, पण सांगताना मला दरवेळी हसू येतंच असं नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. नगरला स्टेशन रोडजवळ एका जुन्या गोदामात हिशेब केंद्र निघालं होतं. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांची ऊसबिलं तिथे मशीनवर व्हायची. कारखान्याच्या पावत्या बघून ऊस कुणाचा, कुठल्या गावचा, किती वजनाचा हे आकडे भोकांच्या रूपात कार्डावर उतरवायचे, हे आम्हा बायकांचं काम. ती पंचिंग रूम. पलीकडे मशीन रूम, तिथे सगळे पुरुष. तिथली मोठी मशीनं आमची कार्डं वाचायची, बेरजा करायची आणि बिलं छापायची. मध्ये काचेचं दार होतं. दिसायचं सगळं, पण आत जायला आम्हाला बंदी!

*

मला नोकरी लागून थोडेच दिवस झाले होते आणि एक स्थळ आलं. मुलाचे वडील केडगावला आमच्या घरी आले, पोहे झाले, चहा झाला. मग त्यांनी बाबांना विचारलं, "मुलगी ऑफिसात जाते म्हणता, म्हणजे नक्की करते काय?"

बाबांना माझं काम माहीत होतं, पण ऐन वेळी शब्दच सापडेनात. म्हणाले, "कार्डांना भोकं पाडते."

ते गृहस्थ बराच वेळ विचार करत बसले. मग अगदी आदबीनं म्हणाले, "असं होय! मग ड्युटी कुठल्या डेपोला असते?"

त्यांना वाटलं, मी एसटीत कंडक्टर आहे! तेव्हा बाई कंडक्टर कुणी पाहिलीसुद्धा नव्हती, तरी माणसाला तेच सुचलं. खुलासा झाल्यावर त्यांनी लग्नानंतर नोकरी सोडण्याची अट घातली आणि मी आतल्या खोलीतून नाही म्हटलं. आई माझ्याशी कितीतरी दिवस धड बोलली नाही. स्थळ गेल्याचं मला दुःख नव्हतं. पण आपण दिवसभर काय करतो हे आपल्याच घरात कुणाला सांगता येत नाही, याचं फार वाईट वाटलं.

*

मशीन रूममध्ये बायकांना बंदी का, तर पदर अडकेल म्हणून. सॉर्टर नावाचं एक मशीन गावाप्रमाणे कार्डं वेगळी करायचं, त्याचे रोलर भराभर फिरायचे. केंद्राच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पदर, वेणी, बांगड्या, काहीही अडकू शकतं. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय." साहेब वाईट माणूस नव्हते. आमचं भलं ते फार बघायचे, तीच तर अडचण होती.

एकदा मुंबईहून एक इंजिनिअर मशीनं बघायला आले. साहेब सुटाबुटात. पाहुण्यांना दाखवायला म्हणून सॉर्टरवर वाकले आणि त्यांचा टाय आत गेला! मशीन खाडकन बंद पडलं आणि साहेब त्याच्यावर गाल टेकवून तसेच उभे. सोडवायचं तर कात्री हवी. कात्री फक्त आमच्या खोलीत.

आमच्यातली नूरजहाँ कात्री घेऊन धावली. नगरातल्याच झेंडीगेटची मुलगी, बोलायला एकदम सडेतोड. काचेच्या दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर पाय जोडून उभी राहिली. "साहेब, आत येऊ का? बंदी आहे, म्हणून विचारते!"

टाय कापावा लागला. दुसऱ्या दिवसापासून साहेब टाय न बांधता मशीन रूममध्ये जायला लागले. आमच्यापुरता नियम होता तसाच राहिला.

*

त्या दिवशी सगळ्या हसल्या, एक सिंधू सोडून. सिंधू आमच्यात सगळ्यात धाकटी. श्रीगोंद्याकडच्या खेड्यातली. मॅट्रिक झाली, लगेच लग्न झालं, नवरा मार्केट यार्डात कारकून म्हणून नगरला आली. तिला मशीन रूममधल्या बोर्डाचं वेड होतं. बोर्ड म्हणजे भोकाभोकांची मोठी पाटी. कुठल्या भोकातून कुठल्या भोकात वायर घालायची, त्यावर मशीन काय बेरीज करणार आणि काय छापणार हे ठरायचं. आज ज्याला प्रोग्रॅम म्हणतात, तो तेव्हा असा हातानं विणावा लागायचा. सिंधू डबा खायचा सोडून काचेला नाक लावून ते बघत उभी असायची.

"ताई, मला ते शिकायचंय," ती मला म्हणाली. "नुस्ती भोकं पाडून मरायचं न्हाई मला."

आम्ही प्रभाताईंकडे गेलो. प्रभाताई आमच्यात वयानं मोठ्या. मुंबईत एका विमा कचेरीत अशाच मशीनवर त्यांनी नोकरी केली होती. यजमान गेल्यावर भावाकडे नगरला आल्या. मुंबईत असताना त्या बोर्ड लावायला शिकल्या होत्या, इथे मात्र पंचिंगलाच बसवल्या गेल्या. त्या म्हणाल्या, "शिकवते. पण इथे नाही, बाहेर कुठेतरी. आणि एकटीला नाही, ज्यांना शिकायचंय त्या सगळ्यांना." मंडळ सुरू झालं ते असं.

पण बाहेर म्हणजे कुठे? रविवारी दुपारी घरातून निघायला कारण हवं. आमच्याकडे हळदीकुंकू आहे असं सांगून पहिली बैठक केडगावला आमच्या घरी भरवली. आई कौतुकानं हळदीकुंकवाची कुयरी घेऊन आली. सिंधूला कुंकू लावलं, मला लावलं, आणि प्रभाताईंपाशी तिचा हात थांबला. प्रभाताईच म्हणाल्या, "वहिनी, माझं राहू द्या. मी शिकवायला आलेय, मला फक्त एक पाट द्या."

आईनं पाट दिला. मग कुयरी आत नेऊन ठेवली आणि पुन्हा बाहेर काढली नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "पुढच्या वेळी दुसरं काहीतरी नाव सांगा गं." तिला माझी नोकरी अजूनही पसंत नव्हती. तरी ती हे म्हणाली, याचं मला आजही फार वाटतं.

*

दुसरं नाव ठरलं भजनी मंडळ! भजनाला जाते म्हटल्यावर सिंधूचा नवरा काय बोलणार? नूरजहाँनं घरी खरं तेच सांगितलं. तिचे अब्बा शिंपी होते. ते म्हणाले, "मशीनचं काम शिकतेस ना, मग लपवायचं काय त्यात?" आमच्या घरांतून असं कुणी म्हटलं नाही.

कार्डाचे रकाने पाठ असल्याशिवाय बोर्ड लावता येत नाही, म्हणून प्रभाताई आमच्याकडून ते पाठ करून घ्यायच्या. नुसतं पाठ होईना, तर सिंधूनं त्याला ओवीची चाल लावली. "पहिल्या घरात गाव गं, दुसऱ्या घरात नाव गं, तिसऱ्या घरी वजन, चौथ्या घरी भाव गं." आम्ही टाळ्या वाजवत म्हणायचो. नूरजहाँचा आवाज सगळ्यांत गोड.

आमच्या शेजारच्या आजी एकदा आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. डोळे मिटून सगळं ऐकलं. संपल्यावर हात जोडले आणि म्हणाल्या, "लई ग्वाड. कंच्या संताचं म्हनायचं ह्ये?"

आम्ही एकमेकींकडे बघतोय, तोवर प्रभाताई गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "अजून त्यांचं मंदिर झालेलं नाही, आजी."

*

मंडळाचा एक नियम होता आणि तो थेट आमच्या कामातून आला होता. आमच्याकडे एकीनं पंच केलेलं कार्ड दुसरीकडे जायचं. ती पावती बघून तेच आकडे तपासणी मशीनवर पुन्हा मारायची. जुळले की मशीन कार्डाच्या कडेला खाच पाडायचं, नाही जुळले की लाल दिवा लागायचा आणि मशीन अडून बसायचं. मंडळातही एकीनं आपली अडचण सांगितली की दुसरीनं ती तशीच परत सांगायची. पदरचा शब्द घालायचा नाही. पहिली "बरोबर" म्हणाली की मगच बाकीच्यांनी तोंड उघडायचं. नाहीतर बायका अर्ध्यातच सल्ले द्यायला लागतात, मी तर सगळ्यात पुढे!

एक दिवस बातमी आली की आमच्या केंद्रासाठी खरा कॉम्प्युटर घेणार आहेत. त्याचं शिक्षण घ्यायला परीक्षा घेऊन दोघांना पुण्याला पाठवणार. म्हणजे सिंधूला काचेच्या पलीकडे जायची वाट सापडली होती. रविवारी अडचण सांगायची पाळी सिंधूची होती. ती मान खाली घालून म्हणाली, "पुण्याचं मला जमायचं न्हाई. खेड्यातली मी. ते माझं काम न्हवं."

परत सांगायचं काम माझं होतं. मी नियमाप्रमाणे तेच परत सांगितलं. "सिंधूला पुण्याचं जमणार नाही. ते तिचं काम नाही." सिंधू म्हणाली, "बरोबर."

मग प्रभाताईंनी आम्हाला मागच्या ऊसगळिताच्या वेळचा घोटाळा आठवायला सांगितला. पावतीवरचा गावाचा आकडा होता एक. कारकुनाचं अक्षर असं की नूरजहाँनं तो नऊ वाचला आणि तपासताना मीही नऊच वाचला. मशीननं आनंदानं खाच पाडली! एका गावचा ऊस दुसऱ्याच गावच्या नावावर गेला आणि माणसं कारखान्यावर जाऊन भांडली.

"मशीन खरं-खोटं बघत नाही," प्रभाताई म्हणाल्या. "दोघींचं जुळतंय का, एवढंच बघतं. तुम्हाला दोघींना लहानपणापासून घरी एकच चुकीचा आकडा वाचायला शिकवलाय. म्हणून तुमचं जुळलं."

सिंधू रडायला लागली. मलाही रडू आलं, पण मला राग जास्त आला होता, आणि तो कुणावर काढावा हेच कळत नव्हतं. त्या दिवशी मंडळात पुढे काही झालं नाही. जाताना सिंधू चपला घालता घालता म्हणाली, "परीक्षेला बसते मी."

*

परीक्षेला बसायचं तर हाताला बोर्डाची सवय हवी. बोर्ड काचेच्या आत! मग सिंधूनंच युक्ती काढली. भरतकामाचं मॅटीचं कापड असतं, त्याला बारीक भोकं असतातच. ते भोक म्हणजे बोर्डाचं भोक आणि रंगीत दोरा म्हणजे वायर. प्रभाताई गणित घालायच्या आणि सिंधू घरी बसून टाके घालायची. नवऱ्याला वाटायचं, बायको सुस्वागतम भरतेय.

गावाकडून तिच्या सासूबाई आल्या. उंच, हडकुळ्या, एका शब्दात विषय संपवणाऱ्या बाई. कापड हातात धरून त्यांनी उलटंसुलटं केलं. "फूल न्हाई, पाखरू न्हाई, कसलं भरत म्हनायचं ह्ये?"

सिंधू खोटं बोलली नाही. "आत्याबाई, उसाच्या बिलाची बेरीज हाय."

"बरुबर हाय का?"

"हाय."

"मंग लाव भिताडाला. लोकं सुस्वागतम लावत्यात, आपुन बिल लावू!"

सिंधूला इतका आनंद झाला की तिनं तेव्हाच पुण्याचं बोलून टाकलं. सासूबाई उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "भिताडापत्तुर ठीक हाय. पुन्याला न्हाई." आणि दुपारच्या एसटीनं गावाला निघून गेल्या. सिंधूच्या नवऱ्याचं म्हणणं एकच, आई म्हणेल ते. ते कापड मात्र भिंतीवर राहिलं.

*

इकडे साहेबांचं म्हणणं, परीक्षा फक्त मशीन रूमवाल्यांसाठी. प्रभाताई त्यांच्या केबिनमध्ये गेल्या आणि विचारलं, "साहेब, आम्ही इथल्या कर्मचारी आहोत की नाही?"

"आहात, पण परीक्षा तुमच्यासाठी नाही," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नूरजहाँ गेली. तोच प्रश्न, तेच शब्द, तितक्याच आदबीनं. "साहेब, आम्ही इथल्या कर्मचारी आहोत की नाही?"

साहेब वैतागले. "अहो, काल सांगितलं ना!"

"काल पंचिंग झालं, साहेब," नूरजहाँ म्हणाली. "आज तपासणी आहे!"

त्यानंतर मी गेले आणि माझ्यानंतर सिंधू. सिंधूनं प्रश्न विचारला तेव्हा साहेबांनी डोकं धरलं आणि म्हणाले, "बसा बाई परीक्षेला, पण आता पुरे करा!"

सिंधू बसली आणि पासही झाली. पुण्याच्या दोन जागांपैकी एक तिची होती. आम्ही पेढे आणायला माणूस पाठवला, तो परत यायच्या आत साहेबांनी तिला बोलावून नवी अट सांगितली. बाई माणूस परगावी एकटं राहणार, तेव्हा घरच्या मोठ्या माणसानं समक्ष येऊन परवानगी द्यायला हवी. तिच्याबरोबर निवडलेल्या मशीन रूमच्या मुलाला असलं काही विचारलं नाही. पेढे आले ते तसेच पुड्यात राहिले.

*

तो बाहत्तरचा दुष्काळ. पाऊस झालाच नव्हता. उभा ऊस वाळून गेला, कारखान्यांच्या पावत्या कमी झाल्या आणि आमच्या हातांना काम उरेना. पाण्याचा टँकर नेमका ऑफिसच्या वेळेला यायचा, म्हणून मंडळातल्या जिची सुट्टी असेल तिनं बाकीच्यांचं पाणी भरायचं असं आम्ही ठरवलं होतं. भजन बंद झालं होतं. गाणं कुणाला सुचणार?

सिंधूच्या गावात तर प्यायलाही पाणी नव्हतं. तिच्या सासूबाई तळ्याच्या दुष्काळी कामावर दगड फोडायला गेल्या होत्या. सिंधूच्या नवऱ्यानं तिथे जाऊन निरोप दिला, "साहेबांनी बोलावलंय, तू सांगशील तसं होईल." त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. परवानगीसाठी साहेबांनी दिलेली मुदत संपत आली होती. त्यानंतर ती जागा मशीन रूमच्या दुसऱ्या मुलाला जाणार होती. सिंधूनं आशा सोडली होती. ती कामावर येत होती, भोकं पाडत होती, पण काचेजवळ उभी राहत नव्हती.

मुदतीच्या दिवशी दुपारी एक खडीचा ट्रक आमच्या दाराशी थांबला. त्यातून सासूबाई उतरल्या. कामावरून तशाच आल्या होत्या. केसांत, लुगड्यावर, भुवयांवर दगडाची पांढरी धूळ. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. आम्ही चौघी उभ्या राहिलो. त्यांनी सिंधूकडे पाहिलं नाही. "सायब कुटं बसत्यात?" एवढंच विचारलं आणि सरळ केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं.

साहेबांनी खुर्ची दिली. "बसा मावशी."

"नगं. लुगडं धुळीचं हाय."

साहेब समजावून सांगायला लागले. सूनबाई पुण्याला राहणार, परकं गाव, आसपास ओळखीचं कुणी नाही. तिच्या भल्यासाठीच विचारतोय. घरच्या मोठ्या माणसाची परवानगी असल्याशिवाय बाईमाणसाला असं कसं पाठवायचं? तेव्हा तुमची परवानगी आहे का?

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्या बी बाईमानूसच हाय. उनाळाभर तळ्यावर हाय. रानात पाल ठोकून ऱ्हाते. शेजारी कोन निजतंय ठावं न्हाई. तवा माज्या ल्येकाला कुनी इचाराया आलं न्हाई, तुज्या आयला दगडं फोडाया न्येऊ का म्हून."

साहेब टेबलावरचे कागद सरळ करायला लागले.

"पुन्याला दगडं फोडायची हायती का?"

"नाही," साहेब म्हणाले.

"मंग मला कशापायी इचारता?"

साहेबांनी पेन काढलं आणि पुण्याच्या कागदावर सिंधूचं नाव लिहिलं.